सेप्टिक शॉक : जंतू कुठून येतो, बीपी का पडतं आणि पहिल्या तासात काय करायचं

गिरणाकाठ :
आपल्या खानदेशात या दुखण्याला एक ठरलेलं नाव नाही. कोणी म्हणतं ‘रक्तात पू झाला’, कोणी ‘अंगात विष पसरलं’, कोणी नुसतंच ‘सेप्टिक झालं’. दवाखान्याच्या कार्डावर मात्र सेप्सिस आणि सेप्टिक शॉक असे दोन शब्द वेगवेगळे लिहिलेले असतात. त्यांतला फरक एकदा नीट मांडावा म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर खोडावं.

जंतू आत शिरून वाढायला लागले की तो संसर्ग. त्यांच्याशी लढताना शरीराचा स्वतःचाच तोल इतका सुटला की मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू, यकृत यांची कामं बिघडू लागली, की तो सेप्सिस. सेप्टिक शॉक त्याच्या पुढची पायरी. पुरेसं सलाईन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर टिकवायला दाब चढवणारं औषध चालू ठेवावं लागतं आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पोचलं की वाढणारा पदार्थ) लिटरमागे २ मिलिमोलच्या वर असतं. दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच सेप्टिक शॉक. ही व्याख्या २०१६ ची आहे आणि ती ठरवताना तपासलेल्या रुग्णांत या पायरीला पोचलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त दगावले होते.

सरासरी दाब काढायला यंत्र लागत नाही. खालचा आकडा दुप्पट करा, त्यात वरचा मिळवा, तिनाने भागा. ९०/५० असेल तर १९० भागिले ३, म्हणजे ६३. ‘नव्वद आहे, ठीक आहे’ असं म्हणून सोडून देण्यासारखा हा आकडा नाही.

आणि ‘रक्तात पू’ हे शब्दशः खरं नाही. सेप्सिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काहीच उगवत नाही. जंतू लघवीत, छातीत, पोटात ठाण मांडून बसलेला असतो आणि तिथूनच सगळ्या अंगाला भोवतो.

केळीबाग :
आप्पा, एक इचारनं शे. मानूसले जखम नही, रगत वाहयनं नही, मंग बीपी कसं पडस?

रात्रपाळी :
केळीबाग भाऊ, तुमच्या ठिबकचंच उदाहरण घेऊ. विहिरीतलं पाणी म्हणजे नसांमधलं रक्त, मोटर म्हणजे हृदय, शेतभर पसरलेल्या नळ्या म्हणजे बारीक रक्तवाहिन्या. एका वेळी दोनच कॉक उघडे असतील तर शेवटच्या ड्रिपरपर्यंत दाब मिळतो. कोणीतरी सगळ्या शेताचे कॉक एकदम उघडले तर? विहीर तीच, मोटर तीच, पण दाब बसला. शेवटची झाडं कोरडी.

सेप्टिक शॉकमध्ये हेच होतं. जंतूंच्या तुकड्यांना पाहून पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर भसाभस नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने धमन्या सैल पडतात. हा पहिला घाव. दुसरा घाव असा की केशवाहिन्यांचं अस्तर विस्कटतं आणि नसेतलं पाणी बाहेर मांसात झिरपतं. माणूस सुजलेला दिसतो, तरी नसा रिकाम्या. तिसरा, मोटरही थोडी बसते, कारण या रसायनांनी हृदयाचा स्नायू मलूल होतो. चौथा, बारीक नळ्यांत गुठळ्या अडकतात, प्लेटलेट आणि गोठवणारे घटक संपतात आणि मग सुई टोचल्या जागेतून रक्त थांबत नाही.

उपायही याच उदाहरणातून येतात. विहिरीत पाणी टाकायचं ते सलाईन, कॉक आवळायचे ते दाब चढवणारं औषध, नॉरअ‍ॅड्रिनलिन. पण सगळ्यांत आधी कॉक उघडणाऱ्याला पकडायचं. ते काम अँटिबायोटिकचं आणि जंतूचा अड्डा मोकळा करण्याचं.

केळीबाग :
आते डोकामा बसनं.

पेट्रीडिश :
जंतूंचं मी लिहितो. कार्डावर ‘ग्राम-निगेटिव्ह’ असं दिसलं की लोक ‘निगेटिव्ह आलं, सुटलो’ असं समजतात. तसं नाही. १८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी काढलेली ही रंगवण्याची रीत आहे. काचपट्टीवर जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं, शेवटी लाल रंग. जाड भिंतीचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, ते पॉझिटिव्ह. पातळ भिंतीचे धुतले जातात आणि गुलाबी दिसतात, ते निगेटिव्ह. काही मिनिटांचं काम, पण पहिलं औषध निवडायला याच्याइतकी स्वस्त मदत दुसरी नाही.

गुलाबी जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन असतं. त्याचा लिपिड-ए नावाचा भाग आपल्या पेशींवरच्या टीएलआर-४ या कडीला अडकतो आणि तिथून सगळी आग भडकते. ही कडी १९९८ मध्ये सापडली, त्या कामाला २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. जांभळ्या जंतूंकडे एंडोटॉक्सिन नाही, पण भिंतीचे तुकडे आहेत, आणि स्टॅफ ऑरियस किंवा स्ट्रेप पायोजेनिसच्या काही जाती अशी विषं सोडतात की एकाच वेळी भलत्याच संख्येने टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पेटतात. म्हणून ‘अमुक रंगाचा जंतू साधा’ असं काही नसतं.

जंतूचं नाव कळायला दोन-तीन दिवस लागतात. जागा मात्र पहिल्या तासात कळते, आणि जागेवरून जंतूचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

लघवी : ई. कोलाय सर्वांत पुढे, पाठोपाठ क्लेब्सिएला. मुतखडा असेल तर प्रोटियस आठवायचा, तो युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतो आणि खडा आणखी वाढवतो. बरेच दिवस नळी घातलेली असेल तर स्यूडोमोनास आणि एंटेरोकॉकस.

छाती : धडधाकट माणसाला घरी न्यूमोनिया झाला तर न्यूमोकॉकस. दारू किंवा मधुमेह असेल तर क्लेब्सिएला. फ्लू उतरता उतरता पुन्हा ताप चढला तर स्टॅफ ऑरियस. व्हेंटिलेटरवर असताना झालेला असेल तर अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास.

पोट : अपेंडिक्स किंवा आतडं फुटलं, पित्ताची नळी तुंबली, तर एकटा जंतू क्वचितच. ई. कोलाय, क्लेब्सिएला, एंटेरोकॉकस आणि हवेशिवाय जगणारा बॅक्टेरॉइड्स अशी टोळी असते. विषमज्वरात तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला लहान आतड्याला भोक पडू शकतं, ते वेगळं ध्यानात ठेवावं.

कातडी : स्टॅफ ऑरियस आणि स्ट्रेप पायोजेनिस. मधुमेही पायाच्या जुन्या जखमेत सगळे मिसळलेले.

सलाईनची सुई किंवा मानेतली नळी : पुन्हा स्टॅफ, कातडीवरचे त्याचे भाऊबंद, आणि बरेच दिवस अँटिबायोटिक चाललेली असतील तर कॅन्डिडा ही बुरशी.

ताप आणि अंगावर दाबून न जाणारे जांभळे डाग काही तासांत पसरताना दिसले तर मेनिंगोकॉकस. तिथे तासाचाही हिशोब नाही, लगेच इंजेक्शन.

सातपुडा :
पेट्रीडिश, यादी चांगली आहे पण शहरातली आहे. धडगाव, मोलगी, शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या तापात आणखी चार नावं धरावी लागतात.

स्क्रब टायफस. झुडपात, गवतात काम करणाऱ्याला बारीक किडा चावतो, त्यातून ओरिएन्शिया हा जंतू शिरतो. सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली शोधायची आणि ती कपडे न काढता दिसत नाही. काख, जांघ, कमरेची नाडी, स्त्रियांमध्ये स्तनाखाली. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस स्वतःहून सांगत नाही. आणि याच्यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, मेरोपेनेम काहीच चालत नाही, कारण ही औषधं जंतूची भिंत मोडतात आणि याच्याकडे मोडण्यासारखी भिंतच जवळपास नाही, वर तो पेशीच्या आत लपतो. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. गरोदर असेल तर अझिथ्रोमायसिन.

लेप्टोस्पायरा. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात उघड्या पायाने काम, डोळे लाल, पोटऱ्या ठणकतात, पुढे कावीळ आणि लघवी कमी.

फाल्सिपॅरम मलेरिया आणि डेंगी हे बॅक्टेरियाचे नव्हेत (एक परजीवीचा, दुसरा विषाणूचा), पण दोघांतही शॉक होतो. मलेरियाची पट्टी पाच रुग्णांमागे एकाची नव्हे, तापाच्या प्रत्येक शॉकमध्ये लावायची. डेंगीत पाणी मोजून मोजून, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) बघत द्यायचं असतं, सेप्सिसचा ठोक हिशोब तिथे लावला तर फुप्फुसांभोवती पाणी साचतं.

आणि सिकलसेल. आपल्या नंदुरबारात पावरा-भिल्ल समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्यात प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि मग न्यूमोकॉकससारखे कवचधारी जंतू गाळायला चाळणीच उरत नाही. सकाळी ताप आणि संध्याकाळी शॉक, इतका वेग असू शकतो. सिकलसेलच्या मुलाला १०१.३ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन : तीन वर्षांखाली १२५ मिग्रॅ दोनदा, पुढे २५० मिग्रॅ दोनदा. शिवाय न्यूमोकॉकसची लस. सिकलसेलचं कार्ड नुसतं डब्यात ठेवून उपयोग नाही, ते तापाच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवायचं.

पेट्रीडिश :
मान्य. प्रयोगशाळेसाठी एवढंच जोडतो, की स्क्रब टायफसची जुनी वाइल-फेलिक्स चाचणी पहिल्या आठवड्यात हमखास दगा देते. ती निगेटिव्ह आली म्हणून डॉक्सिसायक्लिन थांबवू नये.

आरोग्यघर :
गावात असताना कसं ओळखायचं ते लिहिते. हातात घड्याळ, थर्मामीटर, बीपीचं यंत्र एवढंच आहे असं धरून.

सगळ्यांत आधी श्वास. पूर्ण एक मिनिट मोजायचा, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही. पेशंटला न सांगता मोजायचा, सांगितलं की तो बदलतो. मोठ्या माणसात २२ किंवा जास्त असेल तर कान टवकारायचे. बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो, कारण रक्त आंबट होत असतं आणि शरीर ते श्वासावाटे बाहेर काढायला बघतं. दमा नाही, छाती स्वच्छ, तरी धाप, हे तेच.

मग भान. ‘आजोबा बडबडतात, ताप डोक्यात गेला’ किंवा ‘कालपासून नुसते झोपून आहेत’. दोन्ही सारखेच वाईट. वरचा बीपी १०० किंवा खाली. या तिन्हींपैकी दोन असतील तर गाडी बोलवायची. मात्र दोन भरले नाहीत म्हणून घरी ठेवायचं असं नाही. ही तिकडी एकटी वापरू नका, असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात, कारण तिच्यातून बरेच रुग्ण निसटतात.

नखाची नव्हे, बोटाच्या पेराची परीक्षा : तर्जनीचं पेर पांढरं होईपर्यंत दहा सेकंद घट्ट दाबून सोडायचं. रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्त पोचत नाही. थंडीच्या दिवसांत हात आधी चोळून गरम करावा. गुडघ्यांभोवती जाळीदार निळसर छटा दिसली तर आणखी गंभीर.

लघवी. ६० किलोच्या माणसाला तासाला किमान ३० मिलि. सकाळपासून संध्याकाळपर्यंत झालीच नाही, ही तक्रार घरचे शेवटी सांगतात, ती पहिल्यांदा विचारा.

फसवणाऱ्या गोष्टी : म्हाताऱ्यांना ताप येतोच असं नाही, उलट अंग ३६ सेल्सिअसच्या खाली थंड पडतं. ‘आंग थंडं पडनं, ताप उतरना’ म्हणून घरचे निर्धास्त होतात. बीपीच्या गोळ्यांतली मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल चालू असेल तर नाडी वाढत नाही. नेहमी १६० असणाऱ्याचं ११० हे पडलेलं बीपी आहे. आणि साखर तपासल्याशिवाय बेशुद्धीला सेप्सिस म्हणायचं नाही.

केळीबाग :
ताई, मे महिन्यात रावेर-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. शेतातला मजूर तापलेला, बरळतोय, बीपी पडलेलं. ऊन लागलंय की हे, कसं समजायचं?

आरोग्यघर :
पूर्ण खात्रीने नाही समजत. दुपारी उन्हात काम करताना तासा-दोन तासांत आलं, आधी काही तक्रार नव्हती, गुदद्वारातून मोजलेलं तापमान ४० च्या वर, तर उष्माघात धरून आधी थंड करायचं : कपडे काढून पाणी शिंपडायचं, पंखा लावायचा, काख-जांघेत बर्फ. पॅरासिटामॉलचा त्यात उपयोग नाही. दोन-तीन दिवसांपासून थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, खोकला, पायाची जखम यांपैकी काही असेल तर सेप्सिस. दोन्ही एकत्रही असतं. शंका असेल तर थंड करा आणि अँटिबायोटिकही द्या, थांबून बघू नका.

औषधपेढी :
इथे एक कडू गोष्ट. तापाच्या माणसाला डायक्लोफिनॅक (वेदनाशामक) आणि डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) एकत्र टोचायची पद्धत आपल्या बाजारगावांत जोरात आहे. दोन तासांत घाम फुटतो, माणूस उठून चहा पितो, डॉक्टरचं नाव होतं. आत जंतू तसाच. स्टेरॉइडने ताप आणि पोटाचा कडकपणा झाकला जातो, साखर चढते. डायक्लोफिनॅक आधीच तहानलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी तोडतं. दुसऱ्या दिवशी पेशंट येतो तो थेट लघवी बंद होऊन.

दुसरी, ‘ताकदीचं लाल सलाईन’. ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये व्हिटॅमिन. साखर पेशींनी वापरली की उरतं नुसतं पाणी, ते सगळ्या अंगात पसरतं, नसेत बाटलीमागे फार तर दहावा हिस्सा टिकतो. शॉकमध्ये त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

रात्रपाळी :
आता पहिला तास. हे प्रशिक्षित लोकांसाठी लिहितोय, घरी करायचं नाही.

दोन जाड सुया, १८ नंबर, कोपराच्या खोबणीत. त्याच वेळी रक्त काढून घ्यायचं : कल्चर, लॅक्टेट, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, प्लेटलेट, साखर. लॅक्टेटसाठी पट्टा फार वेळ आवळून ठेवू नये आणि नमुना खोलीत पडून राहू देऊ नये, पेशी नळीतही लॅक्टेट बनवत राहतात आणि आकडा खोटा वाढतो. राखाडी टोपीची नळी, बर्फावर.

सलाईन रिंगर लॅक्टेट. पहिल्या तीन तासांत किलोला ३० मिलि, म्हणजे ६० किलोला १८०० मिलि, अर्ध्या लिटरच्या साडेतीन बाटल्यांच्या थोडं वर. एकदम लावून निघून जायचं नाही. ५०० मिलि गेलं की बघायचं : पेराचा रंग लवकर येतो का, नाडी उतरली का, श्वास वाढला का, फुप्फुसाच्या तळाशी करकर ऐकू येते का. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच कमजोर असलेल्याला २५० मिलिच्या हप्त्यांनी. लॅक्टेट वाढलंय म्हणून रिंगर ‘लॅक्टेट’ नको, हा गैरसमज आहे. त्यातलं लॅक्टेट यकृत वापरून टाकतं आणि शॉकमधलं लॅक्टेट त्याने वाढत नाही. नॉर्मल सलाईन लिटरवारी दिलं तर क्लोराइडने रक्त आणखी आंबट होतं, ते मात्र खरं.

अँटिबायोटिक एका तासाच्या आत. शॉक नसेल आणि निदानाची खात्री नसेल तर तपासायला तीन तासांची सवड आहे. शॉकमध्ये ती सवड नाही.

नॉरअ‍ॅड्रिनलिनसाठी मानेतल्या नळीची वाट बघू नका. कोपराच्या किंवा त्याच्या वरच्या चांगल्या शिरेतून थोडा काळ चालू करता येतं. मनगट आणि हाताच्या पाठीवरची शीर नको. दर अर्ध्या तासाला जागा बघायची. पांढरी, थंड, टणक झाली तर औषध बंद, सुई लगेच उपटायची नाही, आधी तिच्यातून जमेल तेवढं ओढून घ्यायचं आणि सरळ दुसऱ्या हातात सुरू करायचं. सरासरी दाबाचं लक्ष्य ६५. हट्टाने ८० ला न्यायची गरज नाही, जास्त औषधाने बोटं काळी पडतात आणि हृदयाचे ठोके चुकतात.

नॉरअ‍ॅड्रिनलिन किलोला मिनिटाला ०.२५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं की दाब चढवणारं दुसरं औषध, व्हॅसोप्रेसिन, जोडायचं, मिनिटाला ०.०३ युनिट. आणि तिथे चार तास अडकलं तर हायड्रोकॉर्टिसोन ५० मिग्रॅ दर सहा तासांनी. वर औषधपेढी ज्याला नावं ठेवतात ते स्टेरॉइड आणि हे यांत गल्लत नको. हे अँटिबायोटिक चालू झाल्यावर, मोजून, शॉकसाठी.

औषधपेढी :
रात्रपाळी, तीन ठिकाणी हात धरतो.

एक, नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या कुपीवर बायटार्ट्रेट (औषधाचा क्षार) किती आणि बेस (मूळ औषध) किती ते वाचा. २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे साधारण १ मिग्रॅ बेस. मात्रा बेसवर मोजायची. कंपनी बदलली, लेबल बदललं आणि कोणी वाचलं नाही, की डोस अर्धा किंवा दुप्पट. ४ मिग्रॅ बेस ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये ५० मिलि केलं तर मिलित ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोला ०.१ मायक्रोग्रॅमने चालवायचं तर तासाला ४.५ मिलि. हा हिशोब पंपाला चिकटवून ठेवा. लाल सलाईनला वर नावं ठेवली, पण डेक्स्ट्रोजचा हा खरा उपयोग.

दोन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एका नळीतून एकाच वेळी नको. रिंगरमध्ये कॅल्शियम आहे, साका धरतो. मोठ्या माणसात नळी सलाईनने धुऊन एकामागून एक देता येतं. नवजात बाळाला कॅल्शियमचं सलाईन चालू असेल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन द्यायचंच नाही.

तीन, मेरोपेनेम कालवल्यावर टिकत नाही आणि उष्णतेत आणखी लवकर खराब होतं. चाळीस अंशांच्या वर तापलेल्या खोलीत सकाळी कालवून रात्रीपर्यंत ठेवलेली बाटली म्हणजे महागडं पाणी. प्रत्येक डोस ताजा.

रात्रपाळी :
तिन्ही बरोबर. एकच सुई असेल तर बीटा-लॅक्टम (सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, मेरोपेनेम यांचा गट) आधी, व्हॅन्कोमायसिन नंतर. व्हॅन्कोमायसिनला ग्रॅममागे किमान तास लागतो, घाईत दिलं तर अंग लाल होऊन बीपी पडतं, आणि मग औषधाने पडलं की जंतूने, हेच कळत नाही.

पेट्रीडिश :
कल्चरबद्दल, कारण निम्मी कल्चरं आमच्यापर्यंत पोचायच्या आधीच वाया गेलेली असतात.

अँटिबायोटिकच्या आधी घ्या, पण त्यासाठी ४५ मिनिटांहून जास्त औषध अडवू नका. दोन वेगवेगळ्या जागांतून, प्रत्येक जागेतून २० मिलि, दोन बाटल्यांत (एक हवेवर जगणाऱ्या जंतूंची, एक हवेशिवाय जगणाऱ्यांची), बाटलीत ८ ते १० मिलि. लोक २ मिलि घालतात आणि मग ‘काही उगवलं नाही’. मोठ्या माणसाच्या मिलिभर रक्तात एखादाच जंतू असू शकतो, रक्त कमी तर सापडणार कुठून? कातडी क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटने घासून तीस सेकंद वाळू द्या. पुसल्यावर पुन्हा बोटाने शीर चाचपायची नाही. बाटलीचं झाकण काढल्यावर खालचं रबर निर्जंतुक नसतं, तेही स्पिरिटने पुसा. फुलपाखरू सुईने घेत असाल तर हवेची बाटली आधी भरा, नळीतली हवा तिच्यात जाऊ द्या. दोन्हींपैकी एकाच जागेत कातडीवरचा स्टॅफ उगवला तर बहुतेक वेळा तो घेणाऱ्याच्या हलगर्जीचा, पेशंटचा नव्हे. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही.

टाका :
तुम्ही औषधांवर एवढं लिहिलंत, आता चाकूची बाजू. पू, अडलेली लघवी, मेलेलं मांस यांत रक्त पोचत नाही, म्हणजे अँटिबायोटिकही पोचत नाही.

खानदेशात ऊन, घाम आणि कमी पाणी, त्यामुळे मुतखडा घरोघर. खड्याने नळी अडली आणि वर लघवीत ई. कोलाय शिरला, तर ते मूत्रपिंड म्हणजे झाकण लावलेलं गळू. कंबरेत कळ आणि थंडी वाजून ताप हे दोन एकत्र आले की त्याच दिवशी सोनोग्राफी. आतून स्टेंट (बारीक नळी) टाकून किंवा पाठीतून नळी घालून लघवी मोकळी करायची, खडा फोडायचा नंतर. शॉकमध्ये खडा फोडायला बसलं तर जंतू रक्तात लोटले जातात.

पायाला बाभळीचा काटा, फावड्याचा घाव, मधुमेह, आणि दुखणं दिसण्यापेक्षा कितीतरी जास्त. वरची कातडी जेमतेम लाल, पण माणूस विव्हळतोय. दाबलं तर कुरकुर, फोड, मग बधिरपणा. हे मांस खाणारं इन्फेक्शन. एक्स-रेची, एमआरआयची वाट न बघता उघडून बघायचं. स्ट्रेप असेल तर पेनिसिलिनबरोबर क्लिन्डामायसिन, कारण ते जंतूचा विषाचा कारखाना थांबवतं. पेनने लालीच्या कडेला रेघ मारून वेळ लिहा, रेघेच्या बाहेर किती तासांत गेलं ते पुढच्या डॉक्टरला तुमच्या शब्दांपेक्षा जास्त सांगेल.

बाळंतिणीत वार राहिलेली, गर्भपातानंतर आत तुकडे राहिलेले. दुर्गंधी पाणी जातंच असं नाही, स्ट्रेपमध्ये नसतंही. पोटदुखी, जुलाब आणि वेगाने धावणारी नाडी एवढंच असतं.

कानबाई :
लहान मुलांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. मुलांचं बीपी शेवटच्या क्षणापर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं, म्हणून बीपी चांगलं आहे या भरवशावर राहायचं नाही. हात-पाय गार, नाडी बारीक, खेळणं बंद, पेराचा रंग उशिरा. नवजात बाळात तर आणखी फसवं : दूध ओढत नाही, रडत नाही, अंग गार, श्वास मिनिटाला ६० च्या वर, छाती आत ओढली जाते. नाळेवर राख, शेण, हळद काहीही नको, कोरडी ठेवायची.

आणि वर सांगितलेलं किलोला ३० मिलि सलाईनचं गणित मुलांना लावू नका. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला. अतिदक्षता विभाग नसलेल्या दवाखान्यांत भराभर सलाईन दिलेल्या तापाच्या मुलांत मृत्यू जास्त झाले. अंगात रक्त कमी असलेलं, मलेरिया असलेलं मूल आपल्याकडेही तसंच असतं. बीपी खरोखर पडलेलं असेल तर किलोला १० मिलि, पुन्हा तपासून पुढचं.

सातपुडा :
सिकलसेलवाल्या मुलालाही हेच लागू, तिथे हिमोग्लोबिन आधी बघा.

केळीबाग :
गावातल्या मेडिकलवर ‘भारी अँटिबायोटिक द्या’ म्हटलं की मिळतं. मग दवाखान्यात औषध लागू का पडत नाही?

पेट्रीडिश :
त्याचमुळे. ई. कोलाय आणि क्लेब्सिएला यांच्या बऱ्याच जातींकडे आता ईएसबीएल ही कात्री आहे, ती सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन कापते. त्यांच्यावर मेरोपेनेम. त्यालाही कापणारी एनडीएम ही कात्री २००९ मध्ये जगासमोर आली, तीही क्लेब्सिएलातच. त्यानंतर उरतात कोलिस्टिनसारखी मूत्रपिंडाला जड औषधं. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालायला आपल्याकडे २०१९ मध्ये बंदी आली ती याच धास्तीने. शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतली औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि नोंद ठेवायची, हा नियम २०१४ पासून आहे.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मुळातच कोणाला चालत नाही तेही पाठ असू द्या : स्यूडोमोनास, एंटेरोकॉकस, एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ ऑरियस), स्क्रब टायफस. गेल्या तीन महिन्यांत दवाखान्यात राहिलेला किंवा अँटिबायोटिक घेतलेला पेशंट असेल तर पहिलाच डोस मोठ्या पल्ल्याचा घ्या आणि कल्चर आलं की खाली उतरा. उतरायला लोक घाबरतात, ते चूक. रिपोर्टवर दोन औषधांचे एमआयसी आकडे (जंतूची वाढ थांबवायला लागणारं किमान प्रमाण) एकमेकांशी ताडून ‘याचा कमी म्हणून हे चांगलं’ असंही ठरवू नका, प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते. अड्डा साफ झाला असेल तर बहुतेक ठिकाणी सात दिवस पुरतात. स्टॅफ ऑरियस रक्तात असेल तर मात्र किमान चौदा, आणि हृदयाची सोनोग्राफी.

आरोग्यघर :
शेवटचा प्रश्न माझा. उपकेंद्रातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून पेशंट घाट उतरून नंदुरबारला किंवा धुळ्याला निघतो. कल्चरची सोय नाही, १०८ यायला वेळ. काय करून पाठवायचं?

रात्रपाळी :
कल्चरसाठी थांबू नका, पहिला डोस तिथेच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम शिरेतून. शीर सापडत नसेल तर मांसात, एका जागी १ ग्रॅमहून जास्त नको. लिग्नोकेनमध्ये (बधिर करणाऱ्या औषधात) कालवलेली कुपी चुकूनही शिरेत जाता कामा नये. कपड्यांखाली खपली बघा, संशय असेल तर डॉक्सिसायक्लिन तोंडाने, गिळता येत असेल तरच. एक रिंगर लॅक्टेट चालू, दुसरं गाडीत टांगायला बरोबर. ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल तर लावा, बोटं गार असतील तर आकडा खोटा येतो, कानाच्या पाळीवर बघा. लघवीची नळी आणि पिशवी, निघताना रिकामी करून.

चिठ्ठीवर रोगाचं नाव लांबलचक लिहू नका. हे लिहा : ताप कधीपासून, शेवटची लघवी कधी, वजन अंदाजे, श्वास-नाडी-बीपी-भान आणि ते मोजल्याची वेळ, किती सलाईन गेलं, कोणतं अँटिबायोटिक किती वाजता, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, साखर, मलेरियाची पट्टी, सिकलसेल कार्ड, आणि बाहेर आधी कोणती सुई टोचली होती. शेवटचं नातेवाईक लपवतात. रिकामी कुपी पिशवीत टाकून द्यायला सांगा.

औषधपेढी :
आणि कुपी नसेल तर बिल.